मध्य फिन्सबरी : एका लुप्त मतदारसंघाचा इतिहास (१८८५–१९१८)

१

इ. स. १८९२ च्या जुलै महिन्यात लंडन शहरातील मध्य फिन्सबरी या मतदारसंघातून दादाभाई नौरोजी अवघ्या तीन मतांच्या आधिक्याने ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेवर निवडून आले, ही घटना महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकास सुपरिचित आहे. दादाभाईंच्या प्रत्येक चरित्रात ती येते आणि बहुधा दोनपैकी एका प्रकाराने तिची उपपत्ती लावली जाते. एक तर तो दादाभाईंच्या चिकाटीचा विजय म्हणून वर्णिला जातो, किंवा इंग्रज मतदाराच्या उदार मनोवृत्तीचा दाखला म्हणून पुढे केला जातो. या दोन्ही उपपत्तींत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तथापि दोहोंतही एक गोष्ट सारखीच अनुल्लेखित राहते, ती म्हणजे स्वतः मतदारसंघ. फिन्सबरी हे त्या कथेत केवळ एका रंगमंचाचे नाव म्हणून येते आणि नायक निघून जाताच पडदा पडतो.

वस्तुतः मध्य फिन्सबरी हा मतदारसंघ दादाभाईंच्या पूर्वी सात वर्षे होता आणि त्यांच्या पराभवानंतर तेवीस वर्षे राहिला. १८८५ साली तो निर्माण झाला, १९१८ साली तो नष्ट झाला. या तेहतीस वर्षांत त्याने सहा निरनिराळे सभासद पार्लमेंटकडे पाठविले. या सहांपैकी एकास बाजूला काढून त्याच्याविषयी आश्चर्य व्यक्त करण्यापूर्वी मतदारसंघाचा स्वभाव, त्याची घडण आणि त्याची मते मोजण्याची रीत यांचा विचार करणे अगत्याचे आहे. तसा विचार केला असता तीन मतांचे कोडे पुष्कळ अंशी उलगडते, आणि त्याचबरोबर प्रतिनिधित्व या कल्पनेविषयी एक अधिक बिकट प्रश्न उपस्थित होतो.

२

फिन्सबरी या नावाचा पार्लमेंटरी इतिहास १८३२ च्या सुधारणा कायद्यापासून सुरू होतो. लंडन नगरीच्या तटाबाहेर वाढलेल्या विस्तीर्ण वस्तीला त्यापूर्वी स्वतंत्र प्रतिनिधित्व नव्हते. १८३२ मध्ये फिन्सबरी हा दोन सभासदांचा नवा मतदारसंघ झाला आणि अल्पावधीतच तो जहाल सुधारणावाद्यांचा बालेकिल्ला म्हणून प्रसिद्धीस आला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक टॉमस वॅक्ले हे १८३५ ते १८५२ पर्यंत येथील सभासद होते. त्यांचे सहकारी टॉमस स्लिंग्जबी डंकोम यांनी १८४२ साली चार्टिस्ट चळवळीचा तीस लाखांहून अधिक सह्यांचा प्रचंड अर्ज कॉमन्स सभेपुढे मांडला. सार्वत्रिक पुरुष मताधिकार आणि गुप्त मतदान या त्या अर्जातील प्रमुख मागण्या होत्या. सभेने तो अर्ज फेटाळला. परंतु फिन्सबरीच्या मतदारांनी डंकोम यांना त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८६१ पर्यंत, आपला सभासद ठेवले.

१८८५ च्या पुनर्विभागणी कायद्याने मोठमोठे द्विसदस्य मतदारसंघ मोडून एकसदस्य विभाग केले. जुन्या फिन्सबरीतून इझलिंग्टन वेगळे निघाले आणि उरलेल्या भागाचे होबर्न, मध्य फिन्सबरी व पूर्व फिन्सबरी असे तीन विभाग झाले. मध्य विभागाचा गाभा म्हणजे क्लार्कनवेल हा पॅरिश होय. या स्थळनामाची व्युत्पत्ती उद्बोधक आहे. ‘क्लार्क’ अथवा कारकून यांची ‘वेल’ म्हणजे विहीर, असा त्याचा सरळ अर्थ आहे. मध्ययुगात लंडनच्या पॅरिशांतील लेखनिक या विहिरीजवळ जमून धार्मिक नाटके करीत असत, असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात मात्र ही वस्ती कारकुनांपेक्षा कारागिरांची म्हणून ओळखली जाऊ लागली.

क्लार्कनवेलचा प्रमुख धंदा घड्याळे करण्याचा. एक घड्याळ पुरे होण्यापूर्वी अनेक हातांतून जात असे. कोणी केवळ स्प्रिंगा करी, कोणी तबकड्या रंगवी, कोणी चाकांना दाते पाडी. यांतील बहुतेक कारागीर आपल्या राहत्या घराच्या माडीवरच काम करीत. त्यांच्या शेजारी सोनार, जडजवाहिराचे काम करणारे, मुद्रक आणि बांधणीकार यांची वस्ती होती. हा वर्ग कारखान्यातील मजुरांहून निराळा होता. तो साक्षर होता, वृत्तपत्रे वाचीत होता आणि क्लार्कनवेल ग्रीन या चौकात भरणाऱ्या सभांना जात होता. १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये ट्रॅफल्गर चौकाकडे निघालेल्या आणि पोलिसांनी उधळून लावलेल्या मोर्चांपैकी एकाची सुरुवात याच चौकातून झाली होती. पुढे १९०२–०३ मध्ये लेनिनचे ‘इस्क्रा’ हे पत्र येथीलच एका छापखान्यात निघत असे.

या चित्राची दुसरी बाजू दारिद्र्याची होती. स्विस आणि अमेरिकन मालाच्या चढाओढीमुळे घड्याळांचा धंदा शतकाच्या अखेरीस उतरणीला लागला. नव्या रस्त्यांसाठी जुनी घरे पाडली गेल्यामुळे उरलेल्या घरांत दाटी वाढली. कामकरी वर्गाच्या घरांची चौकशी करण्यासाठी १८८४ साली नेमलेल्या राजकीय आयोगापुढे क्लार्कनवेलचे नाव विशेष कुप्रसिद्ध झाले. घरे घाऊक भाडेपट्ट्याने घेऊन ती खोलीखोलीने पुन्हा भाड्याने देणारे लोकच येथील स्थानिक मंडळात बसत असत, आणि आरोग्याचे नियम अमलात आणण्याचे काम त्याच मंडळाकडे होते. जॉर्ज गिसिंग यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द नेदर वर्ल्ड’ या कादंबरीत क्लार्कनवेलचेच जीवन चित्रित केले आहे.

३

आता मतदारांकडे वळू. क्लार्कनवेल पॅरिशची लोकसंख्या या काळात साठ हजारांहून अधिक होती. १८९२ च्या निवडणुकीत मध्य फिन्सबरीत दोन्ही उमेदवारांना मिळून ५,९१५ मते पडली. याचा अर्थ असा की दहा रहिवाशांमागे मत देणारा एकही पुरता येत नव्हता. स्त्रियांना मताधिकार नव्हताच. परंतु प्रौढ पुरुषांपैकीही फार मोठा वर्ग यादीबाहेर राहत असे, आणि त्याचे कारण मताधिकाराच्या कायद्यात सापडते.

१८६७ च्या कायद्याने शहरांतील कर देणाऱ्या घरधारकास मत मिळाले. जो घरधारक नसून भाडेकरी असेल त्यासही मत होते. मात्र त्याच्या खोलीचे, सामानसुमान वगळून, वार्षिक मूल्य किमान दहा पौंड असले पाहिजे आणि त्याने तेथे बारा महिने सलग राहिलेले असले पाहिजे, अशा अटी होत्या. शिवाय भाडेकऱ्यास दरवर्षी नव्याने आपला हक्क सांगावा लागे. काम मिळेल तिकडे बिऱ्हाड हलविणाऱ्या मजुरास बारा महिन्यांची अट पुरी करणे दुरापास्त होते. सार्वजनिक दारिद्र्यनिधीतून साहाय्य घेतलेल्या मनुष्याचे नावही यादीतून गळे. ज्या भागात एकेका घरात अनेक कुटुंबे राहत, तेथे घरधारक कोण आणि भाडेकरी कोण हाच वादाचा विषय होई.

हे वाद पुनरीक्षक वकिलापुढे चालत. दरवर्षी शरद ऋतूत हा अधिकारी यादी तपासण्यास बसे आणि दोन्ही पक्षांचे अभिकर्ते त्याच्यासमोर उभे राहत. आपल्या बाजूच्या माणसांची नावे घालून घेणे आणि विरुद्ध बाजूच्या माणसांच्या नावांना हरकत घेणे हे त्यांचे काम. ज्या मतदारसंघात दोन पक्षांचे बळ सारखे असेल तेथे निवडणुकीचा निकाल पुष्कळदा या यादीतच लागून जात असे. मतदानाच्या दिवशी होणारा गाजावाजा हा त्याचा उत्तरार्ध होता.

मध्य फिन्सबरीत दोन पक्षांचे बळ किती सारखे होते हे पहिल्या दोन निवडणुकांवरून स्पष्ट होते. १८८५ साली उदारमतवादी पक्षाचे हॉवर्ड स्पेन्सली निवडून आले. पुढल्याच वर्षी आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावरून उदारमतवादी पक्ष दुभंगला आणि पुन्हा निवडणूक झाली. त्या वेळी हुजूर पक्षाचे कॅप्टन फ्रेडरिक टॉमस पेंटन यांनी स्पेन्सली यांचा पराभव केला. मताधिक्य होते केवळ पाच.

हा आकडा दादाभाईंच्या चरित्रांतून क्वचितच ठळकपणे येतो, आणि तोच येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. तीन मतांनी मिळालेला विजय हा स्वतंत्रपणे पाहिला तर दैवी चमत्कारासारखा भासतो. परंतु ज्या मतदारसंघाने सहा वर्षांपूर्वी एका इंग्रजास पाच मतांनी पाडले होते, त्याच मतदारसंघाने एका हिंदी गृहस्थास तीन मतांनी निवडले, असे म्हटले की चमत्काराची जागा सातत्य घेते. तराजू आधीपासूनच समतोल होता. तो कोणत्या बाजूस झुकेल हे गुंजेगुंजेवर अवलंबून होते.

४

दादाभाईंनी पार्लमेंटसाठी केलेला हा पहिला प्रयत्न नव्हता. १८८६ साली त्यांनी शेजारच्याच होबर्न विभागातून निवडणूक लढविली होती. तेथे हुजूर पक्षाचे कर्नल डंकन यांना ३,६५१ आणि दादाभाईंना १,९५० मते पडली. त्यापूर्वी लालमोहन घोष यांनी डेप्टफर्ड येथून १८८५ व १८८६ मध्ये दोनदा केलेला प्रयत्नही अयशस्वी झाला होता. होबर्न हा हुजूर पक्षाचा सुरक्षित मतदारसंघ होता. तेथील अनुभवावरून दादाभाईंना मतदारसंघाच्या निवडीचे महत्त्व पटले असल्यास नवल नाही.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये मध्य फिन्सबरीच्या उदारमतवादी संघटनेपुढे उमेदवार निवडण्याचा प्रश्न आला. दादाभाईंना ४९ व त्यांचे प्रतिस्पर्धी रिचर्ड ईव्ह यांना ४५ मते पडली. पराभूत गटाने हा निर्णय मानण्याचे नाकारले आणि स्थानिक संघटनेत दीर्घकाळ टिकणारी दुफळी माजली. पक्षाचे मध्यवर्ती चालक या कलहात ठाम भूमिका घेण्यास कचरत होते. उदारमतवादी पक्षाची तत्त्वे आणि त्या पक्षाची स्थानिक यंत्रणा यांत किती अंतर असू शकते याचा हा एक बोलका नमुना होय. दादाभाईंना प्रतिपक्षाशी झुंज देण्यापूर्वी चार वर्षे स्वपक्षाशीच झुंजावे लागले. या चार वर्षांत त्यांनी सभा, पत्रव्यवहार आणि मतदारांच्या गाठीभेटी यांचा जो क्रम अखंड चालविला त्यामुळे मतदारसंघाची माहिती त्यांना कोणाही स्थानिक पुढाऱ्याइतकी झाली.

याच सुमारास एका अनपेक्षित दिशेने त्यांच्या नावाचा बोलबाला झाला. कर्नल डंकन यांच्या मृत्यूमुळे नोव्हेंबर १८८८ मध्ये होबर्न येथे पोटनिवडणूक झाली. हुजूर पक्षाने जागा राखली, परंतु मताधिक्य घटले. दुसऱ्याच दिवशी, ३० नोव्हेंबर रोजी, प्रधानमंत्री लॉर्ड सॉल्सबरी यांनी एडिंबरो येथील भाषणात त्याचे कारण सांगितले. १८८६ मधील मोठे मताधिक्य हे विरोधी उमेदवार ‘काळा माणूस’ असल्यामुळे पडले होते, आणि ब्रिटिश मतदार काळ्या माणसास निवडून देतील इतकी प्रगती अद्याप झाली आहे असे आपणांस वाटत नाही, असा त्या विधानाचा आशय होता.

हे उद्गार एका निवडणुकीचा हिशेब मांडताना निघाले होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. सॉल्सबरी मताधिक्याची घट समजावून सांगत होते. अपमान हा त्या हिशेबातील एक रकाना होता. परंतु परिणाम उलटा झाला. उदारमतवादी वृत्तपत्रांनी प्रधानमंत्र्यांवर टीकेची झोड उठविली. जानेवारी १८८९ मध्ये नॅशनल लिबरल क्लबमध्ये दादाभाईंच्या सन्मानार्थ भोजनसमारंभ झाला. ज्या मनुष्याचे नाव उच्चारण्यास मतदार अडखळत होते त्याचे नाव आता सर्व देशाच्या कानी गेले.

नावाचा हा मुद्दा गौण नाही. प्रतिपक्षाचे उमेदवार पेंटन यांचे घराणे क्लार्कनवेलच्या टेकडीवरील जमिनीचे मालक होते. त्यांचे पूर्वज हेन्री पेंटन यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे जी वस्ती वसविली तिला पेंटनव्हिल हे नाव पडले. अशा रीतीने एका बाजूस ज्याचे नाव मतदारांच्या रस्त्यांवर कोरलेले होते असा जमीनदार, आणि दुसऱ्या बाजूस ज्याचे नाव मतदारांच्या जिभेवर बसत नव्हते असा परदेशस्थ, अशी ही लढत होती. दादाभाईंच्या जाहीरनाम्यात आयर्लंडचे स्वराज्य होते, लंडनच्या नगरकारभाराची सुधारणा होती, कामगारांच्या हिताचे कायदे होते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कारागिरास हे प्रश्न परके नव्हते. जमीनदाराच्या ओळखीच्या नावापेक्षा अनोळखी नावाच्या उमेदवाराचा कार्यक्रम त्याला जवळचा वाटला, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

जुलै १८९२ मध्ये मतमोजणी झाली तेव्हा दादाभाईंना २,९५९ आणि पेंटन यांना २,९५६ मते पडल्याचे ठरले. पेंटन यांनी निकालाविरुद्ध अर्ज केला, पण तो तडीस गेला नाही. ‘नौरोजी’ या नावाचा उच्चार इंग्रजी जिभेला ‘नॅरो’ या शब्दाची आठवण करून देई. त्यावरून ‘नॅरो-मेजॉरिटी’, म्हणजे निसटत्या बहुमताचे गृहस्थ, अशी कोटी रूढ झाली. परक्या नावाला आपल्या भाषेतील अर्थ जोडून ते आपलेसे करणे ही भाषांची जुनी प्रवृत्ती आहे. येथे तिने थट्टेच्या मिषाने का होईना, पण एक काम केले. ज्या नावाला फिन्सबरीत जागा नव्हती त्याला फिन्सबरीच्याच मतांच्या आकड्याशी बांधून टाकले.

५

निवडून आलेला सभासद कोणाचा प्रतिनिधी, हा प्रश्न आता उभा राहतो. दादाभाईंनी पारशी धर्मग्रंथ अवेस्ता हाती घेऊन शपथ घेतली. हिंदुस्थानात त्यांच्या निवडीचा आनंदोत्सव झाला आणि ‘हिंदुस्थानचे सभासद’ हे अभिधान त्यांना प्राप्त झाले. परंतु कायद्याच्या दृष्टीने हिंदुस्थानचा एकही मनुष्य त्यांचा मतदार नव्हता. ज्यांची गाऱ्हाणी ते मांडीत होते त्यांना मत नव्हते, आणि ज्यांना मत होते त्यांची गाऱ्हाणी निराळी होती.

मराठीत आपण ‘मतदारसंघ’ म्हणतो. त्यातील ‘संघ’ हे पद माणसांच्या समुदायाचे वाचक आहे. इंग्रजीतील प्रतिशब्दही मुळात प्रतिनिधी नेमणाऱ्या मतदारांच्या समूहाचा वाचक होता. पुढे तो त्या समूहाच्या भूप्रदेशासही लावला जाऊ लागला. १८९२ ते १८९५ या तीन वर्षांत मध्य फिन्सबरीच्या बाबतीत या दोन अर्थांची फारकत झालेली दिसते. प्रदेश क्लार्कनवेलचा होता. ज्या समुदायाच्या वतीने बोलावयाचे तो समुदाय समुद्रापलीकडे होता. ही फारकत दादाभाईंनी कोणत्या रीतीने सांभाळली याचा पुरावा लाहोर काँग्रेसच्या प्रसंगी मिळतो. डिसेंबर १८९३ मध्ये त्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले तेव्हा मध्य फिन्सबरीच्या उदारमतवादी व सुधारणावादी संघटनेचा एक ठराव त्यांनी आपल्या भाषणात वाचून दाखविला. मतदारसंघाविषयीची आपली कर्तव्ये त्यांनी उत्तम प्रकारे पार पाडली आहेत, अशी पावती त्या ठरावात होती. जी संघटना पाच वर्षांपूर्वी त्यांच्या उमेदवारीवरून दुभंगली होती, तिने ही पावती द्यावी हे विशेष आहे. लाहोरच्या मंडपात क्लार्कनवेलच्या कारागिरांचा निरोप वाचला जाण्याचे प्रयोजनही उघड आहे. आपण फिन्सबरीचे सभासद असल्यामुळेच हिंदुस्थानचे सभासद होऊ शकतो, ही जाणीव त्यामागे होती.

पार्लमेंटमध्ये त्यांच्या हातून काय घडले? २ जून १८९३ रोजी सनदी नोकरीच्या परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थान या दोन्ही देशांत एकाच वेळी घ्याव्यात असा ठराव कॉमन्स सभेत ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत झाला. हर्बर्ट पॉल यांनी तो मांडला व दादाभाईंनी त्यास अनुमोदन दिले. सरकारने तो अमलात आणला नाही. सभेतील आठ मतांचे आधिक्य प्रशासनाच्या नकारापुढे व्यर्थ ठरले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ साली लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली राजकीय आयोग नेमला गेला, आणि त्यात दादाभाईंची सभासद म्हणून नियुक्ती झाली. या आयोगाशी महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले आणि दिनशा वाच्छा यांनी लंडनला जाऊन त्यापुढे साक्ष दिली; गोखल्यांच्या सार्वजनिक कीर्तीचा पाया त्या साक्षीने भक्कम झाला. तोपर्यंत दादाभाईंची पार्लमेंटमधील जागा मात्र गेलेली होती.

६

१८९५ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाचे विल्यम मॅसी-मेनवेअरिंग यांनी दादाभाईंचा ८०५ मतांनी पराभव केला. त्या वर्षी उदारमतवादी पक्षाचा देशभर पाडाव झाला होता. मध्य फिन्सबरीसारख्या समतोल मतदारसंघात वाऱ्याची दिशा बदलताच निकाल बदलणे स्वाभाविक होते. आकड्यांकडे बारकाईने पाहिले तर दादाभाईंना मिळालेली मते दोनशेहूनही कमी संख्येने घटली. विरुद्ध बाजूची मते मात्र सहाशेहून अधिक वाढली. म्हणजे पूर्वी ज्यांनी त्यांना मत दिले त्यांचा विश्वास मोठ्या प्रमाणावर उडाला असे या आकड्यांवरून दिसत नाही. यादीत नव्याने आलेले आणि पूर्वी घरी बसलेले मतदार या वेळी हुजूर पक्षाने बाहेर काढले, हे स्पष्टीकरण अधिक संभवनीय होय.

त्याच निवडणुकीत बेथनल ग्रीनच्या ईशान्य विभागातून मंचरजी भावनगरी हे दुसरे पारशी गृहस्थ निवडून आले, तेही हुजूर पक्षाच्या तिकिटावर. सॉल्सबरी यांच्या पक्षाने सात वर्षांत आपल्याच नेत्याचे भाकीत खोटे पाडले. ही गोष्ट इंग्रज मतदाराच्या औदार्याची म्हणून सांगण्यापूर्वी भावनगरी हे ब्रिटिश सत्तेचे समर्थक होते, हेही सांगितले पाहिजे. वर्णाचा अडसर पक्षहिताच्या वाटेत येत नसेल तेथे तो दूर सारता येत होता.

मॅसी-मेनवेअरिंग १९०० मध्ये पुन्हा निवडून आले आणि १९०६ पर्यंत सभासद राहिले. १९०६ च्या उदारमतवादी लाटेत विल्यम चार्ल्स स्टेडमन यांनी ही जागा जिंकली. ते नावा बांधणारे कारागीर होते आणि कामगार संघांच्या मध्यवर्ती समितीचे चिटणीस होते. डंकोम यांच्या काळापासून चालत आलेल्या परंपरेशी जुळणारा असा हा सभासद म्हणता येईल. त्याच वर्षी दादाभाईंनी उत्तर लँबेथ येथून शेवटचा प्रयत्न केला, पण तेथे त्यांना यश आले नाही. वर्षअखेर कलकत्ता येथील काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्य हे ध्येय उच्चारले. या दोन घटनांमधील क्रम लक्षणीय आहे. लंडनच्या मतदारसंघाचे दार बंद झाल्यावर त्यांच्या राजकारणाने आपला मतदारसंघ स्वदेशात शोधला.

१९१० च्या जानेवारीत मध्य फिन्सबरी पुन्हा हुजूर पक्षाकडे गेली. या वेळचे सभासद मार्टिन आर्चर-शी हे सैनिकी अधिकारी होते. त्यांचा सावत्र भाऊ जॉर्ज याच्यावर नाविक विद्यालयात पोस्टल ऑर्डर चोरल्याचा खोटा आळ आला होता; त्याचे निराकरण १९१० साली झाले आणि ते प्रकरण पार्लमेंटमध्ये गाजले. टेरेन्स रॅटिगन यांनी पुढे १९४६ मध्ये त्यावर ‘द विन्स्लो बॉय’ हे नाटक रचले. आर्चर-शी हेच मध्य फिन्सबरीचे अखेरचे सभासद होत.

७

१९१८ च्या कायद्याने सर्व प्रौढ पुरुषांना आणि तीस वर्षांवरील बहुसंख्य स्त्रियांना मताधिकार दिला. बारा महिन्यांची अट गेली, दहा पौंडांच्या खोलीचा हिशेब गेला. मतदारांची संख्या वाढताच पाच-सहा हजार मतांचे छोटे विभाग निरुपयोगी झाले, आणि मध्य व पूर्व फिन्सबरी मिळून एकच फिन्सबरी मतदारसंघ झाला. पुढे १९५० मध्ये तोही शोरडिचला जोडला गेला, आणि १९७४ पासून फिन्सबरीचे नाव ‘इझलिंग्टन दक्षिण व फिन्सबरी’ या जोडनावात राहिले. ज्या संकुचित यादीमुळे तीन मतांना एवढे मोल आले होते ती यादी संपली, तेव्हा तिच्यावर उभा असलेला मतदारसंघही संपला. दादाभाई ३० जून १९१७ रोजी निवर्तले होते. त्यांच्या मागोमाग वर्ष-दीड वर्षात त्यांचा मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला.

या इतिहासावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की १८९२ चा विजय समजण्यासाठी इंग्रजांचे औदार्य गृहीत धरण्याची आवश्यकता नाही. दोन पक्षांत समान विभागलेला लहान मतदारसंघ, जहाल राजकारणाची जुनी परंपरा असलेला कारागीरवर्ग, यादीवर अवलंबून असलेली निवडणूकपद्धती आणि त्या सर्वांचा चार वर्षे अभ्यास करणारा उमेदवार, एवढ्या कारणांनी त्याची उपपत्ती लागते. यामुळे दादाभाईंचे श्रेय उणावत नाही. जेथे तीन मते निर्णायक ठरतात तेथे चार वर्षांच्या परिश्रमांतील प्रत्येक दिवस निर्णायक ठरतो.

दुसरा निष्कर्ष प्रतिनिधित्वाविषयी आहे. मध्य फिन्सबरीने तीन वर्षे हिंदुस्थानला वाणी दिली, पण ती वाणी परत घेण्याचा अधिकारही फिन्सबरीकडेच होता. १८९५ साली कोट्यवधी लोकांचा प्रवक्ता क्लार्कनवेलच्या काही शे मतांनी सभेबाहेर गेला आणि त्या कोट्यवधींना त्याबाबत काहीही करता आले नाही. उसन्या मतदारसंघाची ही मर्यादा दादाभाईंनी स्वतः अनुभवली होती. १९०६ च्या घोषणेमागे आर्थिक निःसारणाचा त्यांचा सिद्धांत होता हे सर्वमान्य आहे; फिन्सबरीचा हा अनुभवही तिच्यामागे होता, असे मानण्यास जागा आहे.

फिन्सबरीच्या भूमीवरून मात्र हा संबंध पुरता पुसला गेला नाही. १९३८ साली फिन्सबरीच्या नगरपालिकेने डॉ. चुनीलाल कतियाल या हिंदी वैद्यास महापौर निवडले. आरोग्य समितीचे प्रमुख म्हणून त्यांनी पुरस्कारलेले फिन्सबरी आरोग्यकेंद्र त्याच वर्षी उघडले गेले. ज्या वस्तीच्या गलिच्छ घरांची चौकशी १८८४ च्या आयोगाने केली होती, त्याच वस्तीसाठी ते उभारलेले होते. आणि पेंटन घराण्याच्या नावाचे रस्ते जेथे आजही आहेत तेथून थोड्याच अंतरावर एका लहानशा रस्त्यास आता नौरोजी यांचे नाव आहे.